पाण्याने ओढलेली रेघ

परवा एका मुलीने माइक पुढे केला,
'तुमची प्रेरणास्थानं?'
मी चार नावं घेतली.
चौघेही भिंतीवर, चंदनाच्या हारात.
तिने लिहून घेतलं, टाळ्या झाल्या.
काळ्या घोड्यापाशी सिग्नलला स्कूटर थांबली
तेव्हा लक्षात आलं,
आपण खोटं बोललो.

मकरपुऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यामागे
आमच्या तीन शेड आहेत.
वरचा पत्रा एक, विजेचा मीटर एक,
भांडणं ज्याची त्याची.

मधल्या शेडमध्ये कीर्तिदा पांचाळ.
भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने
फुटके चिनीमातीचे इन्सुलेटर आणते
आणि त्यांचे मणके करते, माणसाचे,
कधी कुणाचे ते कळत नाही असे.
बापाच्या हातात लेथ होता, हिच्या हातात ग्राइंडर.
एकदा वर्षभराचं काम उभं राहिलं, सात फूट.
तीनदा त्याच्याभोवती फिरली,
म्हणाली, 'सारुं लागे छे,'
आणि वरचे तीन मणके उतरवून ठेवले.
का गं?
'छान दिसायला लागलं होतं ना, म्हणून.'
त्या रात्री मी माझ्या जस्ताच्या प्लेटवरचं
सगळ्यात सुबक झाड घासून काढलं.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पलीकडे इम्तियाज मन्सुरी.
आजोबा कापूस पिंजायचे, हा रंग पिंजतो.
एकच निळा, चार चार महिने.
मला तो निळा आवडत नाही.
तेव्हा आवडला नाही, आजही नाही.
पण विश्वामित्री शेडमध्ये शिरली त्या वर्षी
माझे कागद लगदा होऊन परत आले,
प्लास्टरच्या गोणींचे दगड झाले,
कीर्तिदाच्या मणक्यांत मगरीचं पिल्लू निघालं,
वनखात्याच्या दोघांनी ते पोत्यात घालून नेलं,
आणि आम्ही खराटे घेऊन चिखल ढकलत असताना
हा भिंतीपुढे नुसता उभा.
कमरेच्या उंचीवर तपकिरी रेघ,
तिन्ही शेडमधून सरळ गेलेली,
ओळंबा लावल्यासारखी.
पाण्यावर रेघ ओढू नये म्हणतात.
इथे पाण्यानेच ओढली होती.
त्याने ती पुसू दिली नाही.
पुढची दोन वर्षं त्याच्या प्रत्येक चित्रात
जमीन त्याच उंचीवर संपायची.
वर तोच, मला न आवडणारा निळा.
मी ती चित्रं चोरून बघायची,
तो नमाजाला गेला की.

आणि खानविलकर, दांडिया बाजारातले.
त्यांना यादीत कसं घालायचं?
ते आता शिल्पं करत नाहीत.
रावपुऱ्यात एका लॅबमध्ये कवळ्या बनवतात.
का सोडलं, कुणी विचारत नाही.
संध्याकाळी येतात, हाताला मेणाचा वास,
स्टुलावर बसून चहा ओततात बशीत,
आणि कपाकडे बघतच म्हणतात,
'डावा खांदा खोटा आहे.'
आम्ही चिडतो. ते जातात.
दुसऱ्या दिवशी डावा खांदा
खरंच खोटा निघतो.
ज्यांच्या तोंडात त्यांची कामं आहेत
ती माणसं या शहरात शेव-उसळ खात फिरतात.
त्यांतल्या एकालाही त्यांचं नाव ठाऊक नसेल.

त्या मुलीला फोन करावा म्हटलं.
नंबर नव्हता.
असता तरी काय सांगणार?
की बाई, खोड ती,
माझ्या हातात दुसऱ्यांच्या खोडी आहेत?

आज प्लेट आम्लात ठेवली,
बुडबुडे पिसाने झटकत बसले.
कीर्तिदाचा ग्राइंडर थांबला, पुन्हा सुरू झाला.
प्रेसखालून कागद उचलला.
झाड नव्हतं.
कागदाच्या मध्याच्या जरा खाली
आडवी एक रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
उंची मोजली नाही.

खानविलकर दारातूनच म्हणाले,
'ही कुणाची?'

मी म्हणाले, बसा,
चहा टाकते.